दाऊचं सुतक

मेथीच्या जुडीला हात लावण्याआधी भाजीवालीला "आपण ही कशी दिलीत?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, उदगीरच्या आठवडी बाजारात. त्या भाजीवालीनं काय केलं तेही पाहिलंय. तिनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग मागं वळून बघितलं. मागं दुसरं कुणी नाही म्हटल्यावर जुडी उचलून स्वतःच उलटीपालटी केली आणि म्हणाली, "मास्तर, खरं सांगा. किडा दिसला का?"

अख्ख्या गावाला त्यांच्याबद्दल हाच प्रश्न होता. किडा कुठाय?

ते आमच्या शाळेत इंग्रजीचे सर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेली. माझं तेव्हा सगळंच नवं होतं. नोकरी नवी, गाव नवं, नवरा नवा, पर्स नवी. नांदेडला इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं, त्यामुळं गोदावरी ओलांडली की माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही असा माझा प्रामाणिक समज होता. अंबाडा घातला की अक्कल वाढते असंही वाटायचं, म्हणून रोज डोळे ताणले जातील इतका घट्ट अंबाडा. त्या वेळचा फोटो बघितला की मला अजून त्या अंबाड्याची दया येते. आत काही नसताना बिचारा केवढ्या ऐटीत बसलाय.

तर सर. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, पांढरी पँट. कुणालाही 'तू' म्हणायचे नाहीत. पाचवीतल्या पोराला "आपण गृहपाठ केलात?" शिपायाला "आपण घंटा दिलीत?" शाळेच्या फाटकात आडवं झोपलेल्या कुत्र्याला "आपण जरा सरकता का?" म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुत्रं सरकलं नाही. सर त्याला वळसा घालून आत आले.

आमच्या मराठवाड्यात हे पचत नाही हो. आमच्याकडं जवळच्याला तू, परक्याला तू, आणि हलकं समजलं तर तूच. 'तुम्ही' म्हणायचं ते नवऱ्याला, सोयऱ्याला आणि तहसीलदाराला. 'आपण' म्हणणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असतो नाहीतर विमा विकत असतो. सर दोन्ही करत नव्हते, म्हणून शक जास्त. एक पालक तर शाळेत येऊन हात जोडून म्हणाला, "सर, पोराच्या एक कानाखाली वाजवा, पण त्याला 'आपण' म्हणू नका. धास्तीनं जेवत न्हाई ते."

स्टाफरूममध्ये आमचे चित्रकलेचे सर या विषयातले जाणकार होते. त्यांच्या मते हा सगळा टोमणा होता. "आपल्याला सगळ्यांना येड्यात काढून राहिला हा माणूस. बोलतो आपण-आपण, मनात म्हणत असंल गाढव-गाढव." मला हे लगेच पटलं. तेव्हा मला दुसऱ्याबद्दलचं वाईट लगेच पटायचं. चांगलं पटायला पुरावा लागायचा.

त्यात ते 'दाऊ'चं प्रकरण. दहावीच्या पुस्तकात दरवर्षी एखादी जुनी इंग्रजी कविता असायची आणि तिच्यात thou, thee असले ते जुने शब्द असायचे. मी पोरांना सांगायची, "दाऊ म्हणजे यू. जुना यू. पुढं चला." संपलं. सर मात्र त्या कवितेपाशी आले की आठवडाभर हलायचे नाहीत. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि पोरं पाढ्यासारखी म्हणायची. दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझं, ये म्हणजे तुम्ही सगळे. खिडकीखालून जाणाऱ्या बायांना वाटायचं आत कसली तरी आरती चाललीय.

मग सर खडू खाली ठेवायचे आणि सांगायचे, "इंग्रजांच्या घरात आपल्यासारखाच एक तू होता. आईला दाऊ, मित्राला दाऊ, गड्याला दाऊ, देवालाही दाऊ. पुढं लोकांना एकमेकांचा संशय यायला लागला. दाऊ म्हणावं तर समोरचा म्हणणार, मला हलका समजलास का? मग भीतीपोटी जो तो ज्याला त्याला यू म्हणायला लागला. दाऊ एकट्या देवाला राहिला, कारण देव तक्रार करत नाही. असा तो वारला. आता इंग्रजाला आईपण यू आणि बँकेचा मॅनेजरपण यू." थोडं थांबून म्हणायचे, "सुतक पाळा."

आणि सगळा वर्ग उभा राहायचा, माना खाली घालून, गप्प. एकदा हेडमास्तर दारावरून चालले होते. वर्ग असा उभा बघून त्यांनीही टोपी काढली आणि जरा वेळ उभे राहिले. मधल्या सुट्टीत हळूच मला विचारलं, "मॅडम, कोण गेलं?"

त्याच वर्षी हे हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते. सगळ्यांत जुने आमचे सर. संस्थेनं त्यांचं नाव नक्की केलं, अध्यक्षांनी बोलावून सांगितलं. कुणीही पेढे आणले असते. सर म्हणाले, "मला विचाराला वेळ द्यावा."

हेडमास्तरच्या खुर्चीला विचार करू म्हणणारा माणूस! स्टाफरूमच्या तोंडचा चहा थंड झाला.

"काहीतरी मोठं हाय," चित्रकलेचे सर म्हणाले. "मॅडम, तुम्ही एका विषयाच्या. तुम्ही छडा लावा."

छडा! हा शब्द ऐकूनच मी फुगले. बाजारच्या दिवशी शाळा अर्धी असायची आणि सर त्या दिवशी कुणाशी न बोलता स्टेशनकडं जायचे, एवढा धागा मिळाला होता. मी नवऱ्याचा काळा चष्मा घातला, डोक्यावर छत्री धरली आणि निघाले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं "काय मॅडम, डोळे आले का?" असं विचारलं. अशी माझी गुप्त मोहीम.

प्लॅटफॉर्मवर वजन करायचं ते दिवे लागणारं मोठं यंत्र होतं, त्याच्यामागं मी उभी राहिले. सर बाकड्याशी होते आणि त्यांच्यासमोर एक म्हातारा. मळकं धोतर, डोक्याला पांढरा पटका, हातात गाठोडं. म्हातारा खाली फरशीवर बसायला लागला तसं सरांनी त्याच्या दंडाला धरून वर ओढलं.

"वर बस म्हटलं ना तुला! किती वेळा सांगू? खाली बसू नको!"

"असू द्या साहेब," म्हातारा म्हणाला. "मला हितं बरं हाय. तुमी बसा वर."

"तू आधी बस!"

"जी साहेब."

मी यंत्रामागून मान आणखी पुढं काढली. सापडला, किडा सापडला! गावाला, पोराला, कुत्र्याला 'आपण' म्हणणारा हा साधू स्टेशनावर एका म्हाताऱ्या गड्याला 'तू' म्हणतो, दंडाला धरून ओढतो आणि त्याच्याकडून 'साहेब' म्हणवून घेतो. म्हणजे सभ्यपणा हा गावात घालायचा सदरा होता. मी त्या आनंदात मागं सरकले, यंत्राच्या पायरीवर पाय पडला, दिवे लागले, चक्र गरगरलं आणि दोघांनी वळून बघितलं. छत्री आडवी धरून मी तिथून निघाले. सरांनी मागून अदबीनं विचारलंच, "मॅडम, आपण कुठं गावाला?"

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे असं रंगवून सांगितलं की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मी थोडं पाणीही घातलं. चित्रकलेचे सर टाळी देऊन म्हणाले, "म्हणूनच हेडमास्तर व्हायला भितोय. अध्यक्षांच्या चौकशीत हे बाहेर येणार."

पुढच्या बाजारच्या दिवशी तोच म्हातारा गाठोडं घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा. गाडी लवकर आली असावी. चपला काढून हातात घेतलेल्या. मी वाटच बघत होते. पुढं होऊन मी त्याची उलटतपासणी सुरू केली. आमच्या नांदेडच्या घरी सरपण घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याशी मी सात वर्षांची असताना जशी बोलायची, तशीच तेविसाव्या वर्षी बोलले. मधलं बी.ए. कुठं उपयोगी पडलंच नाही.

"काय रे बाबा, त्या सरांकडं किती वर्षं आहेस कामाला?"

"काम न्हाई बाई. लेक हाय माझा."

मला आधी ऐकूच आलं नाही म्हणा ना. म्हणजे आलं, पण आत गेलं नाही.

"मग साहेब-साहेब काय करतोस त्यांना?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी एखाद्या लहान पोरीला बघेन. "आमच्या मालकाचं पोरगं पाळण्यात व्हतं, बाई. तवापासून त्याला मी 'मालक, तुमी' म्हणायचो. मांडीवर मुतलं तरी म्हणायचो, 'मालक, मुतलाव का?' त्यानं पुढं बुकाचं पान उलटलं न्हाई. माझ्या लेकानं बुकं खाल्ली. मंग त्याला मी कमी म्हणू का? तुमीच सांगा."

"घरात, कुणी नसताना तरी?"

"तोंडाला वळण पडलं आता. तू येतच न्हाई तोंडात." आणि अगदी अभिमानानं म्हणाला, "हेडमास्तर होणार म्हंत्यात. मंग तर बोलायचीच सोय न्हाई. दारातूनच राम राम... न्हाई, जय भीम घालीन आन् वापस जाईन."

सर आतून आले. गाठोड्यात भाजलेल्या शेंगा होत्या, त्या आम्हा सगळ्यांना वाटल्या. म्हातारा गाडीला गेल्यावर मी शेंगा हातात तशाच धरून सरांपुढं उभी राहिले. अंबाडा सैल झाला होता बहुतेक.

"आपण बसा," सर म्हणाले. मग स्वतःच सांगितलं. "आमच्या बापाला उभ्या जन्मात कुणी 'तुम्ही' म्हटलं नाही. पाच वर्षांचं पोर 'ए' म्हणायचं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या तोंडून कुणाला 'ए' जायचं नाही."

"पण त्यांना तर तुम्ही तू म्हणता!"

"तो माझा आहे ना, मॅडम." एवढं सोपं होतं. "मीही त्याचा होतो. प्राथमिकला लागलो आणि 'गुरुजी' झालो. हायस्कूलला आलो, 'साहेब, तुमी' झालो. मी एकेक पायरी चढतोय आणि तो एकेक पायरी खाली बसतोय. आता हेडमास्तर झालो तर..." ते हसले. "मला एवढंच कळत नाही, त्याच्या आत माझ्यासाठी तू आहे अजून, का तो वारला? वारला असेल तर खुर्ची घेऊन काय करू?"

म्हणजे हा छडा. एका माणसाला बापाकडून एक तू पाहिजे होता, आणि आम्ही चहा थंड करून विमा एजंट शोधत होतो.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी नवऱ्याला अर्थात 'अहो' म्हणायची. सासूच्या देखत तर 'अहो'सुद्धा भिंतीकडं बघून. एकदा हे अंगणात पेपर वाचत बसलेले, आणि टाचेपाशी हा एवढा विंचू. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अरे ए, पाय उचल! ऊठ लवकर!" पाय वाचला. पण विंचू राहिला बाजूला, सासूबाई नवऱ्याला 'अरे' म्हटलं म्हणून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांना कितीही सांगितलं की मी मुद्दाम म्हटलं नाही, ते आतून आलं, तर म्हणाल्या, "तेच म्हणते मी. आत व्हतं म्हणून आलं."

आत असलेलं बाहेर काढायचं औषध माझ्याकडं होतं. विंचू मिळणं अवघड होतं.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला झाडावर चढता येतं?"

त्यांनी बराच वेळ नाही म्हटलं. ही फसवणूक आहे म्हणाले, हेडमास्तरला शोभत नाही म्हणाले. मी म्हटलं, "मग घ्या खुर्ची आणि ऐकत बसा 'हेडसाहेब'." मग त्यांनी एवढंच विचारलं, कुठलं झाड? झाड मी निवडलं. शाळेच्या मागं कडुलिंब होता, पण तो उंच. त्याच्या शेजारी शेवगा होता, बुटका, फांद्या हाताशी. सरांना पडायचं थोडंच होतं, नुसतं दिसायचं होतं. मला शेवगाच बरा वाटला. नांदेडच्या बी.ए.ला शेवगा फक्त आमटीत माहीत होता.

बाजारचा दिवस आला. शाळा सुटली. सर चपला काढून, पँट दुमडून शेवग्यावर चढले. चढताना झाडाला "माफ करा" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मी फाटकातून म्हाताऱ्याला मागं घेऊन आले. सर तिकडं आहेत, एवढंच बोलले.

म्हाताऱ्यानं वर बघितलं. हातातलं गाठोडं पडलं.

"आरं ए!" असा आवाज त्या काटकुळ्या छातीतून निघाला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. "शेवग्यावर चढलास व्हय रं मुडद्या! उतर! उतर आधी! लहानपणापासून वरडून राहिलो, शेवग्यावर चढू नको, कच्चं लाकूड असतं ते! डोकं फुटंल तुजं! उतर म्हंतो ना तुला!"

मी सरांकडं बघितलं. ते उतरत नव्हते. फांदीला मिठी मारून, डोळे मिटून, पावसात उभं राहावं तसे त्या शिव्यांत उभे होते.

"काय म्हणालास, बा?" वरून आवाज आला. "ऐकू येईना!"

"बहिरा झालास का गाढवा! तुला म्हंतो, तुला! खाली ये, न्हाईतर पाय मोडीन तुजा!"

"तो मोडल्यावर मी कसा उतरू?"

"वर तोंड करून बोलतोस मला!"

तेवढ्यात फांदी बोलली. कडकडली नाही, नुसती 'कट्' म्हणाली, आणि सर फांदीसकट खाली आले. विंचवाचं औषध करता करता माणूस घालवला, हेडमास्तर घालवला! पण खाली पालापाचोळ्याचा ढीग होता. सर त्यात बसले होते, पँट गुडघ्यापासून वर फाटलेली, आणि म्हातारा दोन्ही हातांनी त्यांचं डोकं, खांदे, कोपरं चाचपत होता. "लागलं का रं? कुठं लागलं? दाव. हात हलव. लेकरा, काय झालं रं तुला, पिसाळलास का?"

खिडकीत सगळी स्टाफरूम. चित्रकलेच्या सरांचं तोंड उघडं. अध्यक्षांनी निवडलेला हेडमास्तर शेवग्याखाली बापाच्या शिव्या खात बसलाय आणि चेहरा असा, जणू पेढे खातोय.

म्हाताऱ्याचं खिडकीकडं लक्ष गेलं. त्यानं हात काढून घेतले, पटका सारखा केला, सरांची कॉलर नीट केली आणि एक पाऊल मागं सरून म्हणाला, "चला साहेब. लोक बघून राहिलेत."

सर उठले. लंगडत माझ्याजवळ आले. आता मला ओरडा बसणार असं वाटलं. त्यांनी केसांतला शेवग्याचा पाला काढला आणि हळूच म्हणाले, "वारला नव्हता, मॅडम." मग माझ्याकडं बघून, अगदी वर्गात शिकवायचे तसे स्पष्ट, "आय थँक दी."

दी म्हणजे तुला. सगळ्या उदगीरला जन्मभर 'आपण' म्हणणाऱ्या माणसानं मला एकदाच तू म्हटलं, तेही मेलेल्या इंग्रजीत, म्हणजे नेम मोडला असं कुणाला म्हणता येऊ नये. दुसऱ्याच मिनिटाला "आपण सुईदोरा देऊ शकाल का?" सुरू झालं. स्टाफरूमनं मला घेरून विचारलं, काय म्हणाले, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, इंग्रजी बोलले. चित्रकलेचे सर मान हलवत म्हणाले, "लई खोल माणूस हाय. काहीतरी शिजतंय."

सरांनी त्याच आठवड्यात खुर्ची घेतली. पुढं मीही दाऊ शिकवताना घाई करणं सोडलं. आता लातूरला लेकीकडं असते. नात मला 'ए आजी, तुला कळत नाही' म्हणते, तेव्हा तिची आई तिला दटावते. मी म्हणते, राहू दे गं, जिवंत आहे तोवर ऐकू दे.

पण एका गोष्टीचा संशय मला अजून आहे. सर हेडमास्तर झाल्यावरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी म्हातारा शाळेत आला. फाटकात मी उभी होते. गाठोड्यातल्या मूठभर शेंगा त्यानं माझ्या हातावर ठेवल्या, ऑफिसकडं बघून "हेडसाहेब हायेत का?" असं मोठ्यानं विचारलं. मग इकडंतिकडं बघून, पटक्याचं टोक तोंडाला लावून हळूच म्हणाला,

"बाई, पुढच्या बारीला लिंबावर चढवा. शेवगा लई कच्चा."